ठरवलेलं पाळताना : सवय बदलण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे तुमचे अनुभव (सातारा-सांगली)

तब्येतीसाठी एखादी सवय बदलायचं ठरवलं की पहिला आठवडा बहुतेकांचा छान जातो. त्यापुढचं आपल्या सातारा-सांगलीकडच्या लोकांनी कसं निभावलं, ते मला मनापासून ऐकायचं आहे. वजन किती उतरलं ते नंतर सांगा. काय ठरवलंत, नोंद कुठे केलीत आणि खाडा पडल्यावर पुढे काय, हे आधी लिहा. सुरुवात मी करते.

शाहूपुरी, सातारा
माझं ठरवणं एका ओळीचं आहे : लेक शाळेच्या रिक्षात बसली की घरात न शिरता थेट अजिंक्यताऱ्याची चढण. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की, 'अमुक झालं की मी तमुक करणार' असं वेळ-जागेसकट बांधून ठेवलं तर ते पार पडण्याची शक्यता वाढते. मला ते तंतोतंत पटलं. नोंद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे लिहिते तिथेच. रोज नजर जातेच.

विश्रामबाग, सांगली (निवृत्त शिक्षक)
ताई, धागा काढलात ते बरं केलंत. माझी एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ६.२ आली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देते. म्हणजे आज केलेल्या पथ्याचा निकाल पार तीन महिन्यांनी! तोवर हुरूप टिकवायचा तर रोज माझ्या हातात असेल तेच लिहायला हवं होतं. दोनशे पानी वहीत रकाने आखले : जेवणानंतर चाललो का, चहात साखर, रात्रीचं जेवण किती वाजता. 'नाही जमलं तर का?' हा रकाना आमच्या मंडळींनी सुचवला, आणि खरं शिक्षण त्यानेच दिलं. त्यात आळस क्वचितच निघाला. लग्नसराई, पाहुणे, आणि पावसाळ्यात आयर्विन पुलाची पाणीपातळी! कृष्णा फुगली की आमराईतलं फिरणं बंद, म्हणून जूनमध्येच लिहून ठेवलं : आमराई बंद, तर गच्चीच्या जिन्यावर चढउतार.

खाडा पडला म्हणून वही मिटू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. शेजारच्याशी तुलना नको, ती याचसाठी.

वाळवा तालुका
मी शेतकरी. मिसरूड फुटल्यापासून तंबाखू-चुना. सोडायच्या आधी आठवडाभर नुसतं लिहिलं, कधी मळली आणि सोबत कोण होतं. पोरगीच लिहून घ्यायची. त्यात दिसलं की निम्म्याहून जास्त चिमटी रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी पाजताना जातात. मग त्या पाळीला पुडी घरी ठेवून खिशात भाजलेली बडीशेप-ओवा न्यायला लागलो. तलफ आली की दहा मिनिटं कळ काढायची, ती ओसरते. पहिले काही दिवस चिडचिड लई होते, ते घरच्यांना आधीच सांगून ठेवा. १८००-११२-३५६ हा सोडवणुकीचा फुकट नंबर पुडीवरच छापलेला असतो. मी फोन केला, नीट बोलले.

कराड
मी मात्र मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. दहा हजार पावलं भरली नाहीत की झोप लागत नसे. हा आकडा रूढ झाला तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आता रविवारी मिनिटांची बेरीज करतो, बास.

गोडोली, सातारा
हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात पळते. वेळापत्रकात विश्रांतीचा दिवसही लिहिते आणि तोही पाळला म्हणून टिक करते. त्यामुळे गुडघे टिकलेत.

विश्रामबाग, सांगली
आमच्या मंडळींच्या बीपीचीही वही सुरू केली आहे. सकाळी एक आकडा, लगेच दुसऱ्यांदा घेतला की वेगळाच. कुठला लिहायचा?

मिरज (परिचारिका)
सर, दोन्ही लिहा. डॉक्टर सरासरी बघतात. पण मोजायच्या आधी पाच मिनिटं काकूंना शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. अर्धा तास आधी चहा नको, लघवी तुंबलेली नको, मोजताना बोलणं नको. दोन मोजण्यांत एक मिनिट थांबा. गोळी घेण्याआधी आणि रोज ठरल्या वेळीच मोजा. त्याच पानावर लोणचं, पापड, खर्डा, भडंग किती खाल्लं तेही लिहा, कारण दिवसाचं मीठ सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत हवं. म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. वही डॉक्टरांकडे न्या, आणि वहीतले आकडे बरे दिसले तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका.