‘पाच मिनिटांत आलो’ म्हणजे नक्की किती वाजता?

गोदाकाठची
कालच्या चर्चेत एकांनी लिहिलंय, "पाच मिनिटांत आलो, एवढ्यात निघतोय, आज-उद्या करून टाकू, ही आपल्या बोलण्यातली गोडी आहे. घड्याळ लावून बसणाऱ्यांना ती कळायची नाही." वाचून डोकं फिरलं. गोडी कुणाला? ताटकळत ठेवणाऱ्याला! वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, फिजिओथेरपीला न्यायचं होतं. रिक्षावाला फोनवर म्हणतोय, "द्वारकेलाच आहे, पोचलोच." संध्याकाळी द्वारका चौकातल्या कोंडीत असणं म्हणजे काय, हे नाशिककरांना सांगायला नको. वडील बूट घालून जिन्याखाली खुर्चीत बसलेले. शेवटी त्यांना धरून परत वर नेलं, अपॉइंटमेंट गेली ती गेलीच. "अर्धा तास लागेल" म्हणाला असता तर मी दुसरी रिक्षा केली असती. थांबणाऱ्याला खरा आकडा सांगा, एवढंच मागतेय.

सातपूरकर
ताई, वडिलांचं वाईट वाटलं, पण राग भलतीकडे काढताय. "पोचलोच" ही वेळ नसते, तो धीर असतो. आम्ही मित्र "दहा मिनिटांत भेटू" म्हणतो तेव्हा अंबडहून कॉलेज रोडला यायला किती लागतं हे सगळ्यांना पाठ असतं. कुणी फसत नाही. आपले आजोबा "घटकाभर टेका" म्हणायचे, तेव्हा कोण मोजत होतं?

पंचांगप्रेमी
मोजत होते! घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसरात्रीच्या ६० घटका. एका घटकेची ६० पळं, म्हणजे पळ २४ सेकंदांचं. तळाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यावर सोडायचे, ते बुडालं की घटका भरली. लग्नाची वेळ त्यावर धरत. माप पक्कं होतं, ढिलाई आपली.

सातपूरकर
लग्नात मोजत असतील. पाहुण्याला बसवताना कुणी घंगाळात पात्र सोडत नव्हतं.

निफाडचा बागायतदार
शहरातल्या लोकांचं दहा मिनिटांवर भांडण चाललंय. आमची द्राक्षबाग छाटणीपासून कितव्या दिवसाची आहे हे मला झोपेतून उठवून विचारा. डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), मण्यांची विरळणी, सगळं त्या दिवसांवर. एवढं मोजून माल तयार करायचा, व्यापारी येऊन तोडून नेतो आणि पैसे विचारले की "चार-आठ दिवसांत". मग "परवा". मग फोनच उचलत नाही. दुसरा सीझन आला तरी निम्मी रक्कम बाकी आहे.

नाशिकरोडची मी
सगळ्यात मोठं माप राहिलंच की, "सिंहस्थाच्या आधी"! आमच्या गल्लीतली गटार २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी होणार होती. आता २०२७ च्या आधी होणार आहे म्हणे.

सातपूरकर
सिंहस्थाला तरी मोघम म्हणू नका. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७. तारखा जाहीर आहेत.

नाशिकरोडची मी
मग "आधी" म्हणजे यातल्या कुठल्या तारखेच्या आधी, ते विचारा ना! गुरू सुमारे बारा वर्षांनी सिंह राशीत येतो म्हणजे येतो. कामाची तारीख मात्र कुणी लेखी देत नाही. पावसाळ्यात आमच्या दारात गुडघाभर पाणी असतं.

पंचवटीतला
नाशिकरोडवाल्यांनी प्रत्येक विषयात गटार आणलीच पाहिजे का?

नाशिकरोडची मी
पाणी तुमच्या दारात शिरत नाही म्हणून सुचतंय हे. दर वेळी कामं तुमच्या पंचवटीत, रामकुंडाच्या आजूबाजूला, आम्ही फक्त स्टेशनपुरते.

पंचवटीतला
महिनाभर लाखो लोक आमच्या अंगणातून जातात, बॅरिकेडमुळे स्वतःच्या घरी जाता येत नाही. या राहायला, मग बोला!

गोदाकाठची
दोघंही थांबा. विषय वेळेचा आहे.

सातपूरकर
बरं, पेशंट आणि पैसा असेल तिथे नेमकी वेळ सांगावी, हे मानतो. मित्रांमध्ये मात्र "आलोच" राहणार. त्यावर माघार नाही.

गोदाकाठची
आणि फोनवर बोलणाऱ्याला कसं कळणार, समोर मित्र आहे की पेशंट? म्हणून तर सगळ्यांनाच खरी वेळ सांगा म्हणतेय.

निफाडचा बागायतदार
पैशाचं मानलंत, मला तेवढं बस. यंदा तारीख घातलेला चेक हातात पडल्याशिवाय व्यापाऱ्याची कात्री बागेत येऊ देणार नाही.