शेजाऱ्यांनी भिंतीतलं बघायचा स्कॅनर घेतलाय, त्यांना आमच्या खोलीतलं दिसेल का?

चौकस_मी

नमस्कार मंडळी. आमची आणि शेजाऱ्यांची एक भिंत सामाईक आहे, नेमकी बेडरूमची. शेजारच्या काकांनी मोबाइलला जोडायचा भिंतीचा स्कॅनर घेतलाय, ड्रिल मारताना पाइप किंवा वायर फुटू नये म्हणून, आणि मला कौतुकाने दाखवला पण. भिंतीवर सरकवत नेला की स्क्रीनवर आतला पाइप जाड पट्ट्यासारखा उमटत होता. तेव्हा भारी वाटलं, पण घरी सांगितलं तर बायको म्हणाली पाइप दिसतो तर माणूस का नाही दिसणार? मला काही उत्तर देता आलं नाही. मग रात्री बसून व्हिडिओ बघितले तर डोकं अजूनच फिरलं, कुठे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोटच्या आतलं सर्किट दिसतंय, कुठे वायफायने भिंतीपलीकडचा माणूस. खरं काय नि खोटं काय कळेना. काका माणूस चांगला आहे, प्रश्न त्यांचा नाहीचे, पण उद्या हे प्रत्येकाच्या फोनात आलं तर? आणि ते 'एक्स-रे कॅमेरा' नावाचे अ‍ॅप असतात ते खरे का (हसू नका).

तरंगलांबी

शेवटचं आधी घेतो, ते अ‍ॅप निव्वळ बनाव आहेत. फोनमध्ये एक्स-रे सोडणारं काही नसतं. हातावर धरलं की साठवलेलं हाडांचं चित्र दाखवतात आणि वर कॉन्टॅक्ट, लोकेशन सगळ्याची परवानगी मागतात. प्रायव्हसी जाते ती तिथेच.

काकांचा स्कॅनर म्हणजे कॅमेरा नव्हे, छोटा रडार. रेडिओ लहरी सोडायच्या, धातू, पाणी, लाकूड यांच्यावरून परत येतात त्या मोजायच्या, आणि त्यावरून अ‍ॅप चित्र बनवतं. वॉलाबॉटसारखे घरगुती स्कॅनर साधारण १० सेंमी आतपर्यंतचं दाखवतात. पलीकडे पलंगावर कोण झोपलंय याचा फोटो त्यात येत नाही. कारण भिंतीतून आरामात जाणाऱ्या लहरी लांब असतात, वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर १२.५ सेंमीची, तिच्याने चेहरा काढायचा म्हणजे भिंत रंगवायच्या ब्रशने पोस्टकार्ड लिहिण्यातला प्रकार. बारकावा हवा तर लहर आखूड घ्यायची, आणि आखूड घेतली की ती भिंतीतच जिरते. कंपनी कुठलीही असो, या दोन्हींच्या मध्येच कुठेतरी थांबावं लागतं.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल पण लोकांना असंच वाटतं. त्याला भिंतीचा पृष्ठभाग किती गरम आहे एवढंच दिसतं. खिडकीच्या साध्या काचेतून सुद्धा पलीकडचं दिसत नाही, उलट काचेत आपलंच भूत दिसतं. कचऱ्याच्या काळ्या पातळ पिशवीतून मात्र आतला हात स्वच्छ दिसतो, कोणाकडे असेल तर करून बघा.

जुना_कॅमेरावाला

रिमोटवाला व्हिडिओ खरा आहे बरं का. तो वनप्लस ८ प्रो फोन, २०२० चा. त्यात एक जादाचा कॅमेरा रंगांच्या करामतीसाठी दिला होता, आणि एरवी सेन्सरपुढे इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) अडवणारा फिल्टर असतो तसा त्याला नव्हता. रिमोटचं पुढचं प्लॅस्टिक आपल्याला काळंकुट्ट दिसतं पण इन्फ्रारेडला आरपार, तसं असावंच लागतं कारण सिग्नल तिथूनच बाहेर पडतो. पण मग कोणाच्या तरी लक्षात आलं की काही पातळ काळे कपडे पण तसेच वागतात, आणि बोंबाबोंब झाली. मे २०२० मध्ये कंपनीने चीनमध्ये तो जादाचा कॅमेरा अपडेटने तात्पुरता बंद करायचं जाहीर केलं.

गंमत म्हणजे सोनीने हेच आधी भोगलं होतं. १९९८ चा हँडीकॅम, नाइटशॉट मोड, अंधारात शूटिंग करायला इन्फ्रारेड फिल्टर बाजूला सरकायचा. लोकांनी भर दिवसा तो मोड चालू केला, पुढे एक वेगळा फिल्टर लावला, आणि पोहायचे कपडे पारदर्शक दिसायला लागले. मग नंतरच्या कॅमेऱ्यांत दिवसा तो मोड नीट चालूच नये अशी सोय करावी लागली. २२ वर्षांनी दुसरी कंपनी त्याच खड्ड्यात पडते म्हणजे टेस्टिंगला बसलेल्यांपैकी एकानेही शर्टावर कॅमेरा धरून बघितला नाही?

पुन्हा_एकदा

तरंगलांबी, तुमचं सगळं पटलं पण तुम्ही फोटोवर अडकलात. फोटो नाही आला म्हणून निवांत झोपायचं का? अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात दीना कताबींच्या टीमने २०१८ मध्ये दाखवलं की रेडिओ लहरींवरून भिंतीपलीकडच्या माणसाची काड्या जोडल्यासारखी आकृती काढता येते, बसला, उठला, हात हलवला सगळं. कॉम्प्युटरला शिकवताना कॅमेरा आणि रेडिओ एकत्र लावले होते, नंतर कॅमेरा काढून टाकला तरी चालतं. १०० जणांतून नेमका कोण हे पण ८३ टक्के वेळा ओळखलं, नुसत्या हालचालींवरून. यंत्रणा खास बनवलेली होती, घरचा राउटर नव्हता हे मान्य. पण २०२२ च्या शेवटी कार्नेगी मेलन विद्यापीठवाल्यांनी साध्या वायफाय राउटरच्या सिग्नलवरून शरीराची ठेवण काढून दाखवली, आणि आता वायफायने हालचाल ओळखायचं ८०२.११बीएफ नावाचं स्टँडर्ड पण आहे.

मला कोणी चेहरा बघेल याची भीती नाही. घरात कोणी आहे का नाही, किती जण, कधी झोपतात, कोणाचा श्वास जोरात चाललाय, हे कळतंय याची आहे. आणि यात लेन्स नाही, लाल दिवा नाही, काहीच नाही. कॅमेऱ्यावर निदान चिकटपट्टी तरी लावता येते!

चौकस_मी

अरे बापरे, म्हणजे काका निर्दोष आणि राउटर गुन्हेगार? आमच्या राउटरच्या अ‍ॅपमध्ये 'मोशन' म्हणून काहीतरी आहे खरं, मी कधी उघडून बघितलं नाही. आणि कायदा वगैरे काही आहे का यात?

पानउलट्या

अमेरिकेतली एक केस वाचण्यासारखी आहे, कायलो, २००१. पोलिसांनी रस्त्यावरून एका घरावर थर्मल कॅमेरा रोखला आणि आत गांजासाठी लावलेल्या दिव्यांची उष्णता पकडली. सुप्रीम कोर्ट ५ विरुद्ध ४ ने म्हणालं की वॉरंटशिवाय हे चालणार नाही. पण निकालात एक मेख आहे, उपकरण सर्वसामान्य लोकांच्या वापरात नाही म्हणून ही झडती ठरते असं लिहिलंय. २०१४ पासून तर फोनला लावायचा थर्मल कॅमेरा दुकानात मिळतो. मग वस्तू जितकी सर्रास होईल तितकं संरक्षण पातळ होत जाणार की काय, हे मला त्या निकालात कायम खटकतं. आणि तो निकाल पोलिसांपुरता आहे, शेजाऱ्यांचं काय?

तरंगलांबी

@पुन्हा_एकदा, पटलं. त्यावर एकच भर घालतो, मर्यादा कुठे बसवलीय ते बघायचं. वनप्लसची मर्यादा अपडेटने आली, म्हणजे दुसऱ्या अपडेटने जाऊ शकते. याउलट टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस कॅम्पसमधले संशोधक केनेथ ओ ('ओ' हे आडनावच) फोनमध्ये मावेल अशी इमेजर (चित्र टिपणारी) चिप कधीपासून बनवतायत, ३०० गिगाहर्ट्झच्या आसपासची, पुठ्ठ्याच्या आतलं दाखवणारी. ती त्यांनी मुद्दाम इंचभर अंतरापुरती ठेवलीय, कोणाची बॅग तपासायची तर इतकं चिकटावं लागेल की त्याला कळेलच. पुढची आवृत्ती पाच इंचांची करायचं चाललंय म्हणे, म्हणजे हे अंतर पण वाढतं ठेवलंय, पण निदान ते चिपमध्ये आहे, सेटिंगमध्ये नाही.

पुन्हा_एकदा

@चौकस_मी, मोशन उघडा आणि आधी बघा ते अकाउंट कोणाच्या नावावर आहे. राउटर कंपनीच्या माणसाने किंवा घरमालकाने लावून दिला असेल तर बरेचदा अ‍ॅडमिन तोच असतो, आणि घरात हालचाल झाल्याची नोटिफिकेशन त्याला जाते, तुम्हाला नाही. नको असेल तर बंद करा, नंतर एखादा फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट झाला की परत एकदा बघा, काही वेळा आपोआप चालू झालेलं असतं.