मोसुलच्या लढाईत कोण कोणाचं ऐकत होतं? (युद्धपटासाठी मदत हवी)

पुठ्ठ्याची_फौज:
नमस्कार मंडळी. इराकी फौजांनी मोसुल शहर आयसिसकडून (‘इस्लामिक स्टेट’ ही दहशतवादी संघटना) परत घेतलं त्या लढाईवर, म्हणजे ऑक्टोबर २०१६ ते जुलै २०१७, दोघांनी खेळायचा युद्धपट बनवतोय. चार महिने जेवणाचं टेबल अडलंय, घरच्यांची बोलणी खातोय. मधून टायग्रिस, तिच्यावर पाच पूल, दोन्ही काठांना मोहल्ले, बाकी पुठ्ठ्याच्या सोंगट्या.

अडचण अशी की इराकी बाजू दर वेळी नोव्हेंबरातच पूर्व मोसुल घेऊन मोकळी होते. प्रत्यक्षात त्याला २४ जानेवारी उजाडली. आयसिसचे लढवय्ये तीन ते पाच हजार धरतात, मी पाच हजार धरले. फासे बदलले. फरक शून्य. इराकी बाजूचा तक्ता असा: वर तेव्हाचे पंतप्रधान अल-अबादी, खाली बगदादची संयुक्त कमांड, तिच्याखाली एका ओळीत सगळी दलं. कुठे चुकतंय?

निवृत्त_तारवाला:
तक्ता सुबक आहे, तिथेच चुकतंय. मी आयुष्यभर लष्कराच्या सिग्नल (संदेशवहन) विभागात होतो, त्यामुळे कागदावरच्या रेघेवर माझा फारसा विश्वास नाही. आमच्या एका सरावात दोन तुकड्या एका पुलाच्या दोन टोकांना तासभर बसून राहिल्या. दोघींना हुकूम एकच होता, ‘दुसरी आली की निघा’. फ्रिक्वेन्सी मात्र वेगवेगळ्या दिलेल्या. वरच्या नकाशावर तो पूल ‘ताब्यात’ दाखवला होता!

मोसुलला तर रेघाच वेगळ्या. दहशतवादविरोधी सेवा, ते काळ्या गणवेशातले सीटीएसवाले, थेट पंतप्रधानांना बांधील. लष्कर संरक्षण मंत्रालयाचं. फेडरल पोलीस आणि इमर्जन्सी रिस्पॉन्स डिव्हिजन गृहमंत्रालयाची. पेशमर्गा, म्हणजे कुर्दांचे सैनिक, एर्बिलच्या स्वायत्त कुर्दिश सरकारचे, आणि त्यांच्यातही दोन पक्षांच्या दोन फौजा. हश्द अल-शाबीचे (बहुतांशी शिया निमलष्करी) गट पश्चिमेला तल अफर शहराच्या दिशेने, त्यांचे आपापले नेते. जनरल याराल्ला मोहिमेचे प्रमुख होते हे खरं, पण प्रत्येक दलाचा पगार, बढती आणि रागलोभ दुसऱ्याच दारात. पेशमर्गा आणि हश्द शहरात शिरणार नाहीत हे आधीच ठरलेलं. म्हणजे लाखाच्या आसपास फौज म्हणतात, तिच्यातले गल्लीत उतरायला किती उरले ते मोजा.

आता डिसेंबर बघा. १ नोव्हेंबरला सीटीएस गोगजलीतून पूर्वेकडून आत आली आणि महिनाभर घरोघरी जवळजवळ एकटी झिजली. फेडरल पोलीस दक्षिणेला, शहराबाहेर. ६ डिसेंबरला लष्कराची नववी चिलखती डिव्हिजन आग्नेयेकडून अल-सलाम रुग्णालयापर्यंत घुसली. दोन्ही बाजू उघड्या. आयसिसने चहूकडून बॉम्बगाड्या सोडल्या. अडकलेल्यांना सोडवायला शेवटी सीटीएसचीच माणसं पाठवावी लागली. रणगाड्यांची डिव्हिजन, रस्ता अरुंद आणि शेजारची फौज दुसऱ्या मालकाची. त्यानंतर मोहीम थांबली. डिसेंबरअखेर पुन्हा सुरू झाली तेव्हा फेडरल पोलिसांचे लोक पूर्व काठावर आणले होते आणि सगळ्या आघाड्या एकाच वेळी हलल्या.

तुमच्या पटावर सगळ्या सोंगट्या एकच हात हलवतो, तोही वरून सगळं बघत. चार खेळाडू बसवा. एकमेकांशी बोलायची बंदी. चिठ्ठी पाठवायची ती मधल्या माणसामार्फत, पोचणार पुढच्या फेरीत.

गच्चीवरून:
तारवाले काकांना अनुमोदन, पण समोरच्या बाजूचंही लिहा. आयसिसला वरून फार विचारावं लागत नव्हतं. दोन वर्षं शहर हातात होतं. भिंतींना भोकं पाडून घरातून घरात जायच्या वाटा, गॅरेजात पत्रे ठोकून तयार ठेवलेल्या गाड्या, वर बाजारात मिळणारा साधा ड्रोन. मोहल्ल्यातला म्होरक्या गाडी कधी सोडायची ते स्वतः ठरवणार. तुमच्या नियमांत आयसिसची चाल ‘इराकी चालीनंतर’ आहे का? तर मधेच घ्यायची मुभा द्या.

पूलही नुसते रंगवून ठेवू नका. अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या युतीच्या विमानांनी पाचही निकामी केले, कारण पश्चिमेकडून येणारा माल आणि गाड्या तोडायच्या होत्या.

हवाई मदतीची साखळी वेगळीच. सुरुवातीला मंजुरी मागे बसलेल्या कक्षांतून यायची. डिसेंबर २०१६ मध्ये युतीचे सेनापती, अमेरिकी जनरल टाउनसेंड यांनी ती पुढच्या तुकड्यांबरोबरच्या सल्लागार अधिकाऱ्यांच्या हाती दिली. वेग वाढला. पण हे फुकटचं बक्षीस म्हणून देऊ नका. १७ मार्च २०१७, पश्चिम मोसुल, अल-जदीदा. एका घराच्या वरच्या भागात दोन स्नायपर, सीटीएसने मदत मागितली, ५०० पौंडांचा एक बॉम्ब पडला. घर कोसळलं. अमेरिकी चौकशीनुसार किमान १०५ नागरिक गेले. घरात आयसिसने स्फोटकं ठेवली होती असं अहवाल म्हणतो, तिथल्या रहिवाशांना ते मान्य नव्हतं. खाली कोण लपलंय हे छतावरून दिसत नाही. तुमच्या सोंगटीलाही दिसू देऊ नका.

पुठ्ठ्याची_फौज:
काका, रविवारी चौघांना बसवलं. आयसिस माझ्याकडे. सीटीएस भावाला दिली, लष्कर त्याच्या मित्राला, फेडरल पोलीस मुलीला. चौथा चिठ्ठ्या पोचवायला.

तिसऱ्या फेरीत लष्करवाले रुग्णालयाच्या चौकापर्यंत गेले, कारण ‘चौक रिकामा दिसत होता’. मी मधेच चाल घेतली. तीन गाड्या, दोन गल्ल्यांतून. त्यांची चिठ्ठी भावापर्यंत पोचली तेव्हा फेरी संपलेली, आणि त्याच्याकडे पाठवायला दोनच सोंगट्या उरलेल्या. मुलगी दक्षिणेला आठ ताज्या सोंगट्या घेऊन बसून होती. तिला कुणी काही विचारलंच नाही.

पूर्व मोसुल सातव्या फेरीपर्यंत पडलं नाही. जदीदाचा नियम अजून जमत नाहीये, नागरिकांच्या सोंगट्या पालथ्या ठेवतोय सध्या. आणि भाऊ अजून भांडतोय की त्या आठ सोंगट्या त्याला थेट का उचलता येत नाहीत.

निवृत्त_तारवाला:
उचलू देऊ नका. अर्ज करायला सांगा, दोन प्रतींत.