मदत हवी आहे: लेझरच्या सॉफ्टवेअरने लिनक्स सोडले, व्हर्च्युअल मशीनमधून काम करताना वक्र रेषांवर काळे ठिपके उमटतात

नमस्कार. माझ्याकडे पाच वॅटचा डायोड लेझर असून त्याच्या बोर्डावर जीआरबीएल १.१ हे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या मोटारी आणि लेझर हाताळणारा प्रोग्राम, आहे. आजवर मी तो लिनक्सवरूनच, एका विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरने चालवत आलो. पुढील आवृत्त्या फक्त विंडोज आणि मॅकसाठीच निघतील, असे त्या कंपनीने आता कळवले आहे. लिनक्सवाले ग्राहक मोजके, आणि लिनक्सच्या एवढ्या डिस्ट्रिब्यूशनांसाठी (वेगवेगळ्या अवतारांसाठी) बांधणी व चाचणी करण्याचा व्याप मात्र मोठा, असे त्यांचे म्हणणे आहे. ते अगदीच खोटे नाही; जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या नव्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्राम जुन्या डेबियनवर सुरूसुद्धा होत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. तरीही मी लिनक्सचे नाव पाहूनच पैसे मोजले होते, त्यामुळे चुटपुट लागायची ती लागलीच.

शेवटची लिनक्स आवृत्ती माझ्या जुन्या संगणकावर अजून चालते. परंतु नव्या लॅपटॉपवर, म्हणजे उबुंटू २२.०४ वर, मला नवी आवृत्ती हवी होती, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतच चालणाऱ्या आभासी संगणकात (व्हर्च्युअल मशीनमध्ये), विंडोज बसवून लेझरचे यूएसबी पोर्ट तिकडे जोडून दिले. सरळ रेषा उत्तम येतात. अक्षरांचे गोलवे आणि वर्तुळे कोरताना मात्र लेझरचे डोके मध्येच क्षणभर अडखळते आणि तेवढ्याच जागी प्लायवूडवर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका उमटतो. वेग कमी केल्यावर ठिपके कमी होतात, पण जात नाहीत. पट्टे आवळून पाहिले, लेन्स पुसली, यूएसबीची तारही बदलली. तेच चित्र जुन्या संगणकावरून स्वच्छ निघते, म्हणजे दोष यंत्रात नसावा. विंडोज वेगळ्या पार्टिशनवर टाकण्याची माझी इच्छा नाही. यातून मार्ग कसा काढावा?

प्रतिसाद १

दोष यंत्रात नाही, हे आपले निदान बरोबर वाटते. जीआरबीएलच्या मूळ बोर्डावर येणाऱ्या आज्ञा साठवायला फक्त १२८ बाइटची जागा असते. लांब सरळ रेषा एका आज्ञेत संपते. वक्र रेषेचे मात्र शेकडो बारीक तुकडे पडतात आणि ती छोटी साठवण भराभर रिकामी होत जाते. व्हर्च्युअल मशीनमधून यूएसबीला थोडा जरी उशीर झाला, तरी बोर्डाला पुढची आज्ञा मिळत नाही आणि डोके थांबते. त्यात आपण लेझर चालू करायला एम३ ही आज्ञा वापरत असाल, तर डोके थांबले तरी लेझर ठरलेल्या शक्तीनेच जळत राहतो. आपले ठिपके हेच असावेत.

जीआरबीएलची ३२ क्रमांकाची सेटिंग (लेझर मोड) १, म्हणजे चालू, आहे ना, ते पाहा आणि एम३ऐवजी एम४ ही आज्ञा वापरा. त्यात वेगाबरोबर शक्तीही घटते आणि डोके थांबले की लेझर बंद होतो. पण हा झाला वरवरचा उपाय. मूळ उपाय असा, की व्हर्च्युअल मशीनमध्ये फक्त आखणी करावी, जी-कोडची, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांची, फाइल काढून घ्यावी आणि ती लिनक्सवरून थेट युनिव्हर्सल जी-कोड सेंडर या प्रोग्रामने पाठवावी. पाठवण्याचे काम एकदा वेगळे काढले, की आखणीचे सॉफ्टवेअर कोणत्या प्रणालीवर चालते याला फारसे महत्त्व उरत नाही. पुढेमागे लिनक्सवर चालणाऱ्या इंकस्केप (चित्र आखण्याचे) आणि मीअरके४०टी (लेझर चालवण्याचे) या सॉफ्टवेअरांकडे वळायचे झाले, तरी हीच घडी कामाला येईल.

धागाकर्ता

मनापासून आभार. सेटिंग १ वरच होती, परंतु फाइल उघडून पाहिली तर सगळीकडे एम३ होते.

लिनक्सवरून पाठवायला बसलो, तर आधी पोर्टच सापडेना. लेझर जोडल्यावर कर्नलच्या नोंदींमध्ये लेझरच्या बोर्डावरील यूएसबी जोडणीची सीएच३४० चिप ओळखल्याची ओळ येई आणि लगेच खाली ती सुटल्याची. बऱ्याच शोधानंतर कळले, की अंधांसाठीची ब्रेल पट्टी चालवणारा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम या चिपला ब्रेल उपकरण समजून पोर्ट बळकावतो. मला त्याची गरज नसल्याने तो काढून टाकला. ज्यांना गरज आहे त्यांनी तो न काढता केवळ त्याच्या यूडेव्ह नियमांतील (जोडलेले उपकरण ओळखण्याच्या लिनक्सच्या नियमांतील) या चिपची ओळ बंद करावी. त्यानंतर स्वतःला डायलआउट गटात (असे पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्यांच्या गटात) घातले, पुन्हा लॉगिन केले आणि पोर्ट मिळाले.

चाचणीसाठी तेच वर्तुळ एम३ ठेवूनच, पूर्वीच्याच वेगाने थेट लिनक्सवरून पाठवले. एकही ठिपका आला नाही. पुढच्या कामांसाठी एम४ करून ठेवले आहे.

एक अडचण उरली आहे. कॅमेऱ्यातून पाहून चित्र नेमक्या जागी बसवायचे, तर आखणीचे सॉफ्टवेअर यंत्राला जोडलेलेच लागते, आणि फाइलच्या मार्गाने ते साधत नाही. तेवढ्यासाठी जुना संगणक जुन्या आवृत्तीसह, इंटरनेट तोडून, बाजूला ठेवला आहे. लिनक्सवर मीअरके४०टीचा कॅमेरा कोणी जीआरबीएल यंत्रासोबत वापरत असल्यास, जागा कितपत अचूक जुळते ते कृपया येथे कळवावे.