अमेरिकन साहित्य कुठून सुरू करू? बजेट ६०० रु.

कर्जत_स्लो: नमस्कार मंडळी. अमेरिकन लेखक-कवी वाचायचेत पण नावं इतकी आहेत की डोकं गरगरलं. एक कादंबरी, एक कवितासंग्रह, दोन्ही मिळून ६०० रु. लोकलमध्ये उभ्याने वाचणार, त्यामुळे जाड ठोकळा नको.

तिरकस_तात्या: मेलव्हिलची कादंबरी मॉबी डिक. विषय संपला. १८५१ चं आहे पण आहाब कॅप्टनचं त्या देवमाशावरचं सूडाचं वेड आजही अंगावर येतं. माझी चामडी बांधणीची प्रत साडेचार हजारांना पडली, पैसे वसूल.

वाचनवेडी: तात्या, तो उभ्याने वाचणारे हो! १३५ प्रकरणं, त्यात मध्येच देवमाशांच्या जातींवर अख्खं प्रकरण. मी तिथेच पुस्तक मिटलं.

तिरकस_तात्या: ज्यांना नुसती ष्टोरी पाहिजे त्यांनी सिरियल बघावी.

जर्सीकर: आमच्या न्यू जर्सीत कॅम्डेनला कवी व्हिटमनचं घर आहे, जाऊन आलोय. त्याचा लीव्ह्ज ऑफ ग्रास हा संग्रह घे, पण १८५५ ची पहिली आवृत्ती, त्यात १२ च कविता आहेत. नंतर तो मरेपर्यंत भर घालत बसला आणि पुस्तक फुगलं. सारखं मी मी करतो पण त्या मी मध्ये सुतार, नावाडी, पळून आलेला गुलाम सगळे येतात.

शाईचा_डाग: त्यापेक्षा एमिली डिकिन्सन, चार-चार ओळींची कडवी, दोन स्टेशनांत एक कविता होते. फक्त आवृत्ती बघून घे. ती गेल्यावर १८९० ला छापताना संपादकांनी तिचे डॅश काढले, शब्दही बदलले, आणि नेटवर फुकट मिळतं ते बहुतेक तेच. १९५५ ची जॉन्सनची आवृत्ती हस्तलिखितांना धरून आहे. मरणावर इतकं शांतपणे, जवळजवळ चेष्टेत कोणी लिहिलेलं नाही.

वाचनवेडी: हेमिंग्वेचं ओल्ड मॅन अँड द सी घे, बारीक पुस्तक. पुलंनी मराठीत आणलंय, एका कोळियाने.

तिरकस_तात्या: म्हणजे शेवटी मासाच ना!

निळी_पेन्सिल: सगळे गोरेच सुचवताय. कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन वाच, बिलव्हेड, १९८७. मुलगी परत गुलामीत जाऊ नये म्हणून आईच तिला मारते, आणि मूळ घटना खरी आहे, १८५६ ची, मार्गारेट गार्नर नावाच्या बाईची. आपल्याकडे १९७२ ला दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच घेतलं, तेव्हा हे लोक काही आपल्याला लांबचे नाहीत.

जर्सीकर: मान्य, पण पहिलंच पुस्तक म्हणून जड जाईल.

निळी_पेन्सिल: आणि व्हिटमन हलका?

पुण्याचा_पाऊस: ओल्ड मॅन अँड द सी बघा, छोटं आहे.

वाचनवेडी: वर तेच लिहिलंय हो 🙏

शाईचा_डाग: फुटपाथवरची पायरेटेड प्रत नको एवढंच सांगतो. माझ्या ग्रेट गॅट्सबी कादंबरीत मधली पानं दोनदा आणि शेवटची गायब, म्हणजे गॅट्सबी मेला की नाही ते नेटवर बघावं लागलं.

पुण्याचा_पाऊस: गॅट्सबी मरतो?? आभारी आहे.

जर्सीकर: काहीही घे पण फॉकनर नको. साउंड अँड द फ्युरीत पहिल्या भागात आजचं काय आणि लहानपणचं काय पत्ताच लागत नाही.

कर्जत_स्लो: सर्वांचे आभार. काल जुन्या पुस्तकांच्या दुकानात फॉकनरचंच अ‍ॅज आय ले डाइंग मिळालं, १८० रु. आईचं प्रेत गाडीवर घालून गावोगाव नेणारं कुटुंब, प्रत्येक प्रकरण वेगळाच माणूस सांगतो, आणि एक प्रकरण तर फक्त एका वाक्याचं, माझी आई मासा आहे. ते बघूनच घेतलं. कविता सध्या नेटवरच वाचतो, डॅश नसले तरी चालतील.

तिरकस_तात्या: बघा, परत मासाच.

शाईचा_डाग: डॅश नसले तरी चालतील??? 😡