मदत हवी आहे: एकाच वीणीतल्या उंदरांपैकी काहींचीच महाधमनी झडप द्विदल का?

नमस्कार. हृदयाच्या जन्मजात झडपदोषांच्या अभ्यासात मी नवीन आहे. आमच्याकडे ‘नॉस ३’ हे जनुक पूर्णपणे निष्क्रिय केलेले उंदीर आहेत. त्यांतील काहींच्या महाधमनी झडपेला तीनऐवजी दोनच दले असतात. त्यांच्या सख्ख्या भावंडांची झडप मात्र, तेच जनुक तितकेच बंद असूनही, नेहमीसारखी तीन दलांची निघते.

सगळीच जनुके अशी वागत नाहीत. ‘एनफॅटसी १’ नसलेल्या भ्रूणांत महाधमनी व फुप्फुस धमनी यांच्या झडपा नीट घडतच नाहीत आणि भ्रूण गर्भातच दगावतात, हे १९९८ सालीच दिसून आले होते. उलट ‘गाटा ५’ नसलेल्या उंदरांपैकी सुमारे एक चतुर्थांशच द्विदल झडपेचे निघतात. ‘नॉच १’चे तर आणखी विचित्र आहे: २००५ साली माणसांतील द्विदल झडपेशी त्याचा संबंध जोडला गेला, पण उंदरात त्याची एक प्रत बिघडली तरी झडप बहुधा तीन दलांचीच राहते, जोडीला ‘नॉस ३’ही काढून टाकले, की दोष ठळकपणे वाढतात.

‘नॉस ३’मुळे बनणारे नायट्रिक ऑक्साइड रक्तप्रवाहाच्या घर्षणानुसार कमी-जास्त तयार होते, म्हणून प्रत्येक भ्रूणातील प्रवाहाचा किरकोळ फरकच निर्णायक ठरत असावा, असा माझा कयास आहे. दुसरी शक्यता वंशातील इतर जनुकांची. दहा पिढ्या एकाच शुद्ध वंशाशी संकर करूनही तफावत उरली, तर ही दुसरी शक्यता बाद धरता येईल का, की नरमादी आणि वीणीचा आकार यांचाही हिशेब आधी करावा लागेल?

शिवाय या उंदरांत उजवे दल आणि ज्याच्याजवळून हृद्‌धमनी (हृदयालाच रक्त पुरवणारी धमनी) निघत नाही ते दल यांचा जोड प्रामुख्याने आढळतो, तर द्विदल झडपेच्या सीरियन हॅमस्टरमध्ये उजवे व डावे दल जुळलेले असते. म्हणजे बिघाडाची वेळ आणि जागा वेगळी असणार. तो नेमका पकडण्यासाठी भ्रूणाच्या कोणत्या दिवसापासून सलग काप (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी एकामागून एक घेतलेले पातळ छेद) घ्यावेत? प्रौढ उंदरांत जोडाची शिवण हीच दोन दलांमधली सीमा समजून मी एकदा झडप त्रिदल नोंदवली होती, आणि मिनिटाला पाचशेहून अधिक ठोके पडणाऱ्या हृदयात केवळ सोनोग्राफीवर दले मोजण्याचा मला भरवसा वाटत नाही. ज्यांनी असे काप प्रत्यक्ष केले आहेत, त्यांनी कापांची दिशा कशी धरली, तेही कृपया लिहावे.