आळस नव्हे, सातबारा

‘कोकणी माणूस आळशी, म्हणून गावं ओस पडली’ असं मत ऐकायला मिळतं, ते मला काही पटत नाही. मी राजापूरकडचा, सध्या मस्कतला. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी घटली, सिंधुदुर्गाचीही घटली. आळशी माणूस घर सोडून एवढ्या लांब जातो होय? २०११ साली रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. (हे कौतुकाने सांगणारेही भेटतात! अहो, पुरुष मुंबईला गेलेत.)

खरं दुखणं सातबाऱ्यावर आहे. आमच्या उताऱ्यावर आजोबांच्या भावकीची सगळी नावं. निम्मे मुंबईत, काही वारले, वारसनोंद नाही. सह्या जमत नाहीत, म्हणून वाटणी नाही. वाटणी नाही म्हणून कर्ज नाही, कुंपण नाही, आणि भात पेरलं तरी माकडं ठेवत नाहीत. आंब्याच्या राखणीला नेपाळी गडी, कारण गावात तरणा माणूसच नाही.

आम्ही परदेशातून पैसे पाठवले, त्याचे चिऱ्याचे बंगले झाले. शिमग्याला, गणपतीला उघडतात. त्याच पैशातून एखादी काजूप्रक्रिया निघाली असती. पण सामाईक जमिनीवर शेड घालायला भावकीतला कोण होकार देतो, सांगा.